रक्तातल्या पेशी शोधून लिव्हरचा कॅन्सर आधीच पकडता येतो का?

सह्यकडा
मंडळी, जरा सल्ला हवाय आणि थोडी माहितीपण. माझ्या मेहुण्यांना हिपॅटायटिस बी आहे, तरुणपणी रक्तदान करायला गेले तेव्हा कळलं. टेनोफोव्हिर (व्हायरस दाबून ठेवणारी गोळी) चालू आहे, तब्येत ठणठणीत, दर सहा महिन्यांनी पोटाची सोनोग्राफी आणि एएफपी (लिव्हरच्या कॅन्सरमध्ये वाढू शकणाऱ्या एका प्रोटीनची रक्ततपासणी) करायला डॉक्टरांनी सांगितलंय आणि ते कुरकुरत का होईना करतात. आता झालंय असं की आमच्या भाच्याने फॅमिली ग्रुपवर एक फॉरवर्ड टाकलाय, की रक्तात फिरणाऱ्या कॅन्सरच्या पेशी, म्हणजे सर्क्युलेटिंग ट्यूमर सेल्स उर्फ सीटीसी, शोधून लिव्हरचा कॅन्सर गाठ दिसायच्या आधीच कळतो, एक ट्यूब रक्त दिलं की काम झालं. झालं, मेहुणे म्हणतात मग मी उपाशीपोटी त्या सोनोग्राफीच्या रांगेत कशाला बसू, हीच टेस्ट वर्षातून एकदा करतो.

मी थोडं वाचलं. कल्पना नवी नाहीये, १८६९ मध्ये ऑस्ट्रेलियात अ‍ॅशवर्थ नावाच्या डॉक्टरने कॅन्सरने गेलेल्या एका माणसाच्या रक्तात गाठीतल्यासारख्याच पेशी मायक्रोस्कोपखाली पाहिल्या होत्या. आणि २००४ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने सेलसर्च नावाच्या मशीनला परवानगी दिली, पण ती पसरलेल्या ब्रेस्ट कॅन्सरसाठी. तर १८६९ पासून माहीत असलेली गोष्ट अजून लिव्हरच्या लवकर निदानासाठी सर्रास का वापरत नाहीत? काहीतरी गोम असणार. ह्या क्षेत्रातलं कोणी असेल तर इस्कटून सांगा प्लीज.

वाटसरू७७
वाचतोय. आमच्याकडेपण हाच फॉरवर्ड आलाय, फक्त खाली अकरा जणांना पाठवा असं लिहिलेलं होतं.

कडूकारले
गोम कसली, धंदा आहे सगळा. आधी घाबरवायचं मग पॅकेज विकायचं. माझ्या ऑफिसात एका लॅबवाल्यांनी कॅम्प लावला, त्यात सरसकट सगळ्यांचे ट्यूमर मार्कर केले आणि मग एका पोराचा कुठलातरी आकडा किंचित वर आला म्हणून त्याची महिनाभर झोप उडाली, शेवटी काही निघालं नाही. पैसे गेले ते वेगळेच.

लॅबवाली
कडूकारले, कॅम्पबद्दल सहमत पण सीटीसीला त्याच पारड्यात टाकू नका. मी काही वर्षं ह्याच कामात होते (लिव्हर नाही, दुसरे कॅन्सर) म्हणून जरा सविस्तर लिहिते, चहा घेऊन बसा.

गाठीतून पेशी सुटून रक्तात येतात हे खरं आहे. बहुतेक तिथेच मरतात, काही तासांत गायब होतात. एखादी कुठेतरी जाऊन रुजते आणि तिथे मेटास्टॅसिस, म्हणजे नवी गाठ, होतं. तर ह्या पेशी रक्ताच्या नमुन्यात सापडल्या पाहिजेत. आता आकडे बघा. एक मिली रक्तात साधारण ५०० कोटी तांबड्या पेशी, पाऊण-एक कोटी पांढऱ्या पेशी, आणि सीटीसी? पसरलेल्या कॅन्सरमध्येसुद्धा एका मिलीत एक-दोन, नशीब असेल तर दहा. सेलसर्चमध्ये साडेसात मिली रक्त घेतात आणि ब्रेस्ट कॅन्सरमध्ये त्यात ५ किंवा जास्त पेशी सापडल्या की प्रकरण गंभीर मानतात. पाच! अख्ख्या आषाढीच्या वारीत पाच जण शोधायचे आणि तेही वारकऱ्यांचेच कपडे घातलेले.

शोधायचे कसे, तर ह्या पेशींच्या अंगावर एपकॅम नावाचं एक प्रोटीन असतं जे रक्तपेशींवर नसतं. लोखंडाच्या अतिसूक्ष्म कणांना एपकॅमला चिकटणारी अँटिबॉडी लावायची, रक्तात मिसळायचं, बाहेरून चुंबक धरायचं. जे ओढलं जाईल त्याला मग तीन रंग लावायचे. एकाने न्यूक्लियस उजळतो, दुसऱ्याने सायटोकेराटिन (एपिथेलियल, म्हणजे अस्तराच्या पेशींतलं प्रोटीन), तिसऱ्याने सीडी४५ जे पांढऱ्या पेशींवर असतं. न्यूक्लियस आहे, सायटोकेराटिन आहे आणि सीडी४५ नाही अशी गोल-मोठी पेशी दिसली की ती सीटीसी. मशीन फोटोंची रांग लावून देतं पण ठरवायचं शेवटी माणसाने. आणि खरं सांगते, कित्येकदा दोघीजणी एकाच फोटोकडे बघून एक म्हणायची आहे, दुसरी म्हणायची हा तर कचरा आहे, अर्धवट फुटलेली पेशी आहे. जिथे २ की ३ ह्यावर रिपोर्ट बदलतो तिथे ही भानगड लहान नसते.

अजून एक बारीक गोष्ट. रक्त काढताना पहिली ट्यूब सीटीसीला देत नाहीत. सुई कातडीतून आत जाताना तिथल्या पेशी बरोबर येऊ शकतात, त्याही एपिथेलियल, म्हणजे फुकटचा पॉझिटिव्ह. म्हणून आधी दुसऱ्या तपासणीची ट्यूब भरायची, नंतर ही. आणि ट्यूब साधी जांभळ्या टोपणाची नाही, पेशी टिकवणारं रसायन असलेली खास, त्यात चार दिवस टिकतात. घरी येऊन रक्त नेणाऱ्या पोराने साध्या ट्यूबमध्ये घेऊन दुपारभर डिकीत फिरवलं तर पुढे कितीही भारी मशीन असो, काय मोजणार?

वाटसरू७७
लॅबवालीताई दंडवत. वारीचं उदाहरण भारी. मग लिव्हरमध्ये वेगळं काय?

लॅबवाली
लिव्हरमध्ये पहिलाच घोळ एपकॅमचा. लिव्हरच्या मुख्य पेशीवर, हिपॅटोसाइटवर, मोठ्या माणसात एपकॅम नसतंच. त्यामुळे तिच्यापासून होणाऱ्या कॅन्सरमध्ये, म्हणजे एचसीसीमध्ये, फक्त साधारण तिसऱ्या हिश्शाच्या गाठींवर एपकॅम दिसतं, काही अभ्यासांत त्याहून कमी. म्हणजे ज्या गळाने बाकीच्यांनी मासे धरले तो गळ इथे अर्ध्याहून जास्त वेळा रिकामाच येणार. त्यात रक्तात शिरताना पेशी रूप बदलतात, एपिथेलियल खुणा टाकून देतात आणि व्हिमेंटिनसारख्या वेगळ्या खुणा घेतात, तेव्हा उरलेलं एपकॅमही जातं.

मग लोकांनी वेगळे गळ काढले. लिव्हरच्या पेशीवर एक खास रिसेप्टर असतो, एएसजीपीआर, त्याला धरायचं. किंवा ग्लायपिकन-३ नावाच्या प्रोटीनला. किंवा खुणेच्या नादाला न लागता आकाराने चाळायचं, ८ मायक्रॉनच्या भोकांची जाळी, रक्तपेशी लवचिक असतात त्या निघून जातात आणि मोठ्या अडकतात. चीनमध्ये चाळून मग आरएनएच्या खुणा बघण्याची पद्धत बरीच वापरतात. प्रत्येकाचं मशीन वेगळं, प्रत्येकाचा कटऑफ वेगळा, त्यामुळे एकाचा ५ दुसऱ्याच्या ५ शी जुळत नाही. सह्यकडा, तुमच्या "सर्रास का वापरत नाहीत" चं अर्धं उत्तर इथेच आहे.

नाशिकची_द्राक्षे
पण आमच्या नाशिकची दातार कॅन्सर जेनेटिक्स सीटीसीवरूनच ब्रेस्ट कॅन्सर लवकर ओळखायची टेस्ट करते ना? एफडीएची मान्यतापण मिळाली असं पेपरात वाचलं होतं. आणि पुण्याच्या अ‍ॅक्टोरियस कंपनीचीपण एक टेस्ट आहे, ऑन्कोडिस्कव्हर. म्हणजे महाराष्ट्र ह्यात मागे नाही, उगीच सगळं चीन-अमेरिका करू नका :)

लॅबवाली
द्राक्षे, अभिमान आहेच. पण दोन गोष्टी. दातारवाल्यांना एफडीएकडून मिळालं ते ब्रेकथ्रू डिव्हाइस डेझिग्नेशन, ब्रेस्टसाठी आणि नंतर प्रोस्टेटसाठीही. त्याचा अर्थ असा की कल्पना महत्त्वाची वाटते, तुमची फाइल आम्ही प्राधान्याने बघू, चर्चा करू. विक्रीची मंजुरी वेगळी असते. पेपरवाले दोन्हीला "मान्यता" म्हणतात आणि मग आपण फसतो. दुसरं, ऑन्कोडिस्कव्हर एपकॅमवरच चालतं, म्हणजे वर लिहिलेली लिव्हरची अडचण तिथेही येणार. ब्रेस्टचं यश उचलून लिव्हरला चिकटवता येत नाही एवढंच म्हणायचंय.

मावशीबोली
मला ह्यातलं फार कळत नाही पण आमच्याकडे काविळीला भुईआवळ्याचा रस द्यायचे, सात दिवस सकाळी अनशापोटी. मेहुण्यांना देऊन बघायला काय हरकत आहे? निसर्गाचं आहे, अपाय नाही.

कडूकारले
आला, काढा आला. वाटच बघत होतो.

गॅस्ट्रोगप्पा
कडूकारले, मावशींना हसू नका, भुईआवळ्याची गोष्ट मोठी मजेशीर आहे. हिपॅटायटिस बीचा व्हायरस शोधल्याबद्दल ज्यांना १९७६ चं नोबेल मिळालं त्या बरुच ब्लुमबर्ग यांनीच मद्रासच्या डॉक्टरांबरोबर भुईआवळ्यावर काम केलं होतं. १९८८ मध्ये लॅन्सेटमध्ये छापून आलं की बऱ्याच रुग्णांचा व्हायरस गेला. जगभर खळबळ. मग इतरांनी करून पाहिलं तर तसा निकाल पुन्हा मिळाला नाही, आणि विषय थंडावला. तेव्हा मावशी, हसण्यावारी न्यायची गोष्ट नाही पण टेनोफोव्हिर बंद करून भुईआवळा असं कोणी करू नये. टेनोफोव्हिर अचानक थांबवलं तर व्हायरस उसळतो आणि लिव्हर फेल होऊन माणूस आयसीयूत जाऊ शकतो, असे पेशंट मी पाहिलेत.

आता मूळ प्रश्न. मी पोटविकारवाला आहे, रोज हेच बघतो. मेहुण्यांचं वय किती? सिरॉसिस (लिव्हर व्रणांनी कडक होणं) आहे का?

सह्यकडा
वय ५१. सिरॉसिस नाही म्हणाले, फायब्रोस्कॅन (लिव्हर किती कडक झालंय ते मोजणारी टेस्ट) चांगलं आलं होतं. तेच त्यांचं म्हणणं, की सिरॉसिस नाही तर कॅन्सर कशाला होईल.

गॅस्ट्रोगप्पा
हा मोठा गैरसमज. हिपॅटायटिस सी किंवा दारूमध्ये कॅन्सर बहुतेक सिरॉसिसच्या वाटेने येतो, पण बी व्हायरस स्वतःचा डीएनए आपल्या पेशीच्या डीएनएमध्ये घुसवतो, त्यामुळे सिरॉसिस नसतानाही कॅन्सर होऊ शकतो. म्हणून आशियाई पुरुष असेल तर ४० नंतर आणि बाई असेल तर ५० नंतर, बी पॉझिटिव्ह असेल तर सिरॉसिस नसला तरी दर सहा महिन्यांनी बघायचं असं गाइडलाइन सांगते. घरात कोणाला लिव्हरचा कॅन्सर झालेला असेल तर अजून लवकर सुरू करायचं. टेनोफोव्हिरने धोका बराच कमी होतो, शून्य होत नाही.

सहाच महिने का? गाठ दुप्पट व्हायला सरासरी चार-सहा महिने लागतात असं धरून. वर्षावर नेलं तर मधल्या काळात ती आटोक्याबाहेर जायची शक्यता वाढते. एक गाठ ५ सेंमीच्या आत किंवा तीनपर्यंत गाठी प्रत्येकी ३ सेंमीच्या आत असल्या तर ट्रान्सप्लांट करून चांगला निकाल मिळतो, हा मिलानचा १९९६ चा निकष अजून वापरतो. दोन सेंमीची असेल तर सुई घालून जाळूनही टाकता येते, पेशंट दुसऱ्या दिवशी घरी. आणि दहा सेंमीची घेऊन आला की माझ्याकडे बोलण्यासारखं फार थोडं उरतं. दुर्दैवाने आपल्याकडे दुसराच प्रकार जास्त दिसतो.

आता सोनोग्राफीचीपण बाजू खरी सांगतो, ती काही महान टेस्ट नाही. २०१८ मध्ये सगळे अभ्यास एकत्र करून पाहिलं तेव्हा सिरॉसिसच्या रुग्णांत नुसत्या सोनोग्राफीने लवकरच्या स्टेजचे ४५ टक्के सापडले, एएफपी जोडल्यावर ६३. म्हणजे शंभरातले सदतीस तरीही निसटतात. लठ्ठ माणूस, गॅस भरलेलं पोट, डायफ्रॅमखालचा कोपरा, घाईत असलेला सोनोलॉजिस्ट, बरीच कारणं. म्हणूनच सीटीसीसारखं काहीतरी चांगलं हवंय आम्हाला, आम्ही काय सोनोग्राफीच्या प्रेमात नाही.

चार्ल्सकाठी
मी बॉस्टनमध्ये असतो, बायोटेकमध्ये (पण ह्या कंपन्यांशी संबंध नाही). इथल्या मास जनरल हॉस्पिटलच्या लोकांनी २०१७ मध्ये लिव्हरवर एक वेगळी युक्ती छापली. लॅबवाली म्हणतात तसा गळ टाकायचाच नाही. उलट करायचं. त्यांच्या सीटीसी-आयचिपमध्ये आधी तांबड्या पेशी आणि प्लेटलेट आकारावरून बाजूला होतात, मग पांढऱ्या पेशींना चुंबकाचे कण लावून त्यांनाच ओढून काढतात, आणि जे राहील ते राहील, त्याला हात लावलेला नाही. मग ते मायक्रोस्कोपखाली बघत बसण्याऐवजी त्यातला आरएनए काढून दहा जीन तपासतात, अल्ब्युमिन, फायब्रिनोजेन वगैरे जे लिव्हरची पेशीच बनवते, रक्तपेशी बनवत नाही. म्हणजे "हा फोटो पेशीचा की कचऱ्याचा" हा वादच संपला.

निकाल: उपचार न झालेल्या १६ कॅन्सर रुग्णांपैकी ९ पॉझिटिव्ह, आणि लिव्हरचा आजार आहे पण कॅन्सर नाही अशा ३१ पैकी फक्त १. शिवाय एएफपी ज्यांना पकडत नाही त्यातले काही हिने पकडले, म्हणून दोन्ही मिळून जास्त उपयोग.

वाटसरू७७
३१ मधला १ म्हणजे ९७ टक्के बरोबर ना? मग हे तर मस्तच झालं की!

गॅस्ट्रोगप्पा
वाटसरू, इथेच थांबा, कागद-पेन घ्या. ९७ टक्के ऐकायला छान वाटतं.

समजा सिरॉसिसचे १००० रुग्ण आहेत आणि त्यातल्या २० जणांना आत्ता छोटा कॅन्सर आहे. ह्या टेस्टने ५६ टक्के पकडले तर ११ सापडले, ९ निसटले. उरलेल्या ९८० पैकी ३ टक्के उगीचच पॉझिटिव्ह, म्हणजे साधारण ३०. एकूण ४१ जणांच्या हातात पॉझिटिव्ह रिपोर्ट, त्यातले खरे ११. हे वाईट नाही, ४१ जणांचं ट्रायफेजिक (डाय देऊन तीन टप्प्यांत काढलेला) सीटी किंवा एमआरआय करू, अकरा जीव हाती लागतील.

आता हीच टेस्ट हेल्थ चेकअपच्या पॅकेजात टाका. एक लाख धट्टेकट्टे लोक, त्यात लिव्हरचा कॅन्सर असलेले समजा ५. सापडणार ३. आणि विनाकारण पॉझिटिव्ह? तीन हजार. तीन हजार घरांत रडारड, सीटी, एमआरआय, कर्ज. टेस्ट तीच, बदललं फक्त कोणावर केली ते. कडूकारल्यांच्या ऑफिसातल्या पोराचं जे झालं ते हेच.

शिवाय १६ आणि ३१ हे आकडे फार छोटे, एखादा इकडचा तिकडे झाला तर टक्केवारी बदलते. आणि गाठ जितकी लहान तितक्या पेशी कमी सुटणार, म्हणजे जिथे खरी गरज आहे तिथेच टेस्ट सगळ्यात दुबळी. मला ह्यात एवढंच खुपतं, बाकी डोकं लावलंय ह्यात शंकाच नाही.

लॅबवाली
+१. आणि अल्ब्युमिनचा जीन सापडला म्हणजे लिव्हरची पेशी रक्तात आहे एवढंच कळतं, ती कॅन्सरचीच आहे असं थेट नाही. लिव्हरला जुनी सूज असेल तर कॅन्सर नसतानाही तिथल्या पेशी रक्तात फिरताना सापडल्यात, आणि आपल्याला टेस्ट तर नेमकी त्याच लोकांवर करायचीय.

अजून एक अडचण आहे जी फारसं कोणी बोलत नाही, ती म्हणजे रक्त कुठून घेतो. लिव्हरमधून निघालेली पेशी हिपॅटिक व्हेनमधून हृदयाच्या उजव्या बाजूला जाते, तिथून फुप्फुसात, तिथल्या बारीक केशवाहिन्यांतून गाळून निघाली तर डावीकडे, मग सगळ्या शरीरात, मग कुठे दंडाच्या शिरेत. शांघायच्या लोकांनी ऑपरेशनच्या वेळी वेगवेगळ्या ठिकाणचं रक्त घेऊन पाहिलं तर हिपॅटिक व्हेनमध्ये सगळ्यात जास्त पेशी होत्या. पण स्क्रीनिंगसाठी कोणाच्या हिपॅटिक व्हेनमध्ये नळी घालणार, दंडावरच भागवायचं.

कडूकारले
बघा, म्हणजे शेवटी मी म्हटलं तेच. उपयोग शून्य.

लॅबवाली
शून्य कसा? शांघायच्याच एका गटाने २०१३ मध्ये दाखवलं की ऑपरेशनच्या आधी साडेसात मिलीत एपकॅमवाल्या २ किंवा जास्त पेशी सापडल्या तर गाठ काढल्यावरही कॅन्सर परत यायची शक्यता बरीच जास्त. म्हणजे ऑपरेशननंतर कोणावर डोळ्यात तेल घालून लक्ष ठेवायचं हे ठरवायला उपयोग आहे. तिथे कॅन्सर आहे हे माहीतच असतं, त्यामुळे तो तीन हजारवाला घोळ नाही. माझ्या मते सीटीसी लिव्हरमध्ये आधी ह्याच दारातून येईल, लवकर निदान मागाहून. लवकर निदानात रक्तातल्या डीएनएवर बघणाऱ्या टेस्ट पुढे जातील असं वाटतं कारण मेलेल्या पेशींचा डीएनए सापडायला अख्खी पेशी जिवंत धरावी लागत नाही. पण पेशी हातात आली तर तिची तपासणी करता येते, कुठलं औषध चालेल ते बघता येतं, ते डीएनएच्या तुकड्यात तितकं जमत नाही. त्यामुळे मी अजून सीटीसीच्याच बाजूने, जुनं प्रेम आहे.

तैवानी_चहा
इथे तैपेईत नोकरीला आहे म्हणून थोडं अवांतर. तैवानमध्ये हिपॅटायटिस बी घरोघरी होता. १९८४ मध्ये त्यांनी नवजात बाळांना लस द्यायला सुरुवात केली आणि पुढे लहान मुलांमधला लिव्हरचा कॅन्सर खरंच कमी झाला, १९९७ मध्ये ते छापून आलं. माझ्या ऑफिसातल्या लोकांना ही गोष्ट शाळेपासून माहीत आहे. सगळ्यात लवकरचं निदान म्हणजे कॅन्सर होऊच न देणं, नाही का. आपल्याकडे ही लस सरकारी कार्यक्रमात किती उशिरा आली!

गॅस्ट्रोगप्पा
तैवानी, बरोबर. आपल्याकडे २००२ च्या आसपास काही ठिकाणी सुरू केली आणि देशभर पोचायला जवळपास दहा वर्षं गेली. म्हणजे आज पंचविशी-तिशीतल्या बऱ्याच लोकांना लस मिळालेलीच नाही. सह्यकडा, ह्यावरून आठवलं. फॉरवर्ड पाठवणारा भाचा मेहुण्यांचाच मुलगा का? त्याची एचबीएसएजी (हिपॅटायटिस बीची रक्ततपासणी) केलीये? ताईंची? मेहुण्यांच्या भावंडांची? ही टेस्ट सरकारी दवाखान्यात फुकट होते, २०१८ पासून राष्ट्रीय कार्यक्रमात औषधंही फुकट आहेत. सीटीसीआधी हे करा.

सह्यकडा
मुलगा त्यांचाच. ताईची झाली होती लग्नानंतर, निगेटिव्ह, लसपण घेतलीये. भाच्याची कोणी केलीच नाहीये, आत्ता फोन केला. गप्पच झाला. उद्या करतोय.

मेहुण्यांना तो हजारांचा हिशोब वाचून दाखवला. ते म्हणाले ठीक आहे, सोनोग्राफी चालू ठेवतो, पण समजा त्यात काही दिसलं तर लगेच पोटात सुई घालून तुकडा काढणार का, त्यालाच ते घाबरतात असं आता कळलं. म्हणजे मूळ भीती ती होती, रांगेचं निमित्त.

गॅस्ट्रोगप्पा
सांगा त्यांना, लिव्हरच्या कॅन्सरमध्ये बरेचदा तुकडा काढावाच लागत नाही, हे ह्या कॅन्सरचं वेगळेपण आहे. निरोगी लिव्हरला तीन-चतुर्थांश रक्त पोर्टल व्हेनमधून मिळतं, आणि ह्या कॅन्सरच्या गाठीला मुख्यतः हिपॅटिक आर्टरीतून. त्यामुळे डाय देऊन सीटी केला की आर्टरीच्या फेजमध्ये गाठ आजूबाजूपेक्षा चकाकते आणि थोड्या वेळाने बाकीचं लिव्हर उजळलेलं असताना ती काळपट पडते. ही जोडी दिसली आणि माणूस बी पॉझिटिव्ह किंवा सिरॉसिसवाला असेल तर निदान तिथेच होऊ शकतं.

सोनोग्राफीत १ सेंमीपेक्षा लहान काही दिसलं तर लगेच घाबरायचं नसतं, तीन-चार महिन्यांत परत बघायचं. १ सेंमी किंवा मोठं असेल, किंवा एएफपी २० च्या वर असेल, तर सीटी-एमआरआय. आणि रिपोर्ट घेताना एक गोष्ट विचारा, लिव्हर नीट दिसलं का. चांगले सोनोलॉजिस्ट रिपोर्टात व्हिज्युअलायझेशन स्कोअर लिहितात, ए, बी किंवा सी. सी असेल तर "नॉर्मल" ला फारसा अर्थ नाही, दुसरा मार्ग काढायला लागतो. एएफपीचे सगळे जुने आकडे एका कागदावर ओळीने लिहून ठेवा, ४ चा ६ चा ११ चा १७ असा चढत गेला तर २० च्या आत असूनही मी अस्वस्थ होतो.

मावशीबोली
आणि बुरशी लागलेले शेंगदाणे खाऊ नका म्हणावं. माझा डॉक्टर पुतण्या म्हणतो त्यातलं विष लिव्हरला जातं. हे तरी खरं आहे का हो?

गॅस्ट्रोगप्पा
शंभर टक्के खरं मावशी. अफ्लाटॉक्सिन. दमट जागी साठवलेल्या शेंगदाण्यावर, मक्यावर येणारी बुरशी बनवते. बी व्हायरस आणि अफ्लाटॉक्सिन एकत्र आले की धोका दोघांच्या बेरजेपेक्षा कितीतरी जास्त होतो, चीनमधल्या चिदोंग भागात हेच झालं होतं. भाजून विष पूर्ण जात नाही, त्यामुळे काळे-हिरवे पडलेले दाणे निवडून फेकाच, कुटात घालू नका.

नाशिकची_द्राक्षे
डॉक, धागा थोडा वळवतेय, सॉरी. सासऱ्यांना व्हायरस वगैरे काही नाही, दारूपण नाही, पण शुगर आणि फॅटी लिव्हर ग्रेड टू. त्यांनापण ही सहामाही भानगड लागते का? वय ५८. एसजीओटी ६२, एसजीपीटी ४९, प्लेटलेट १ लाख ४० हजार.

गॅस्ट्रोगप्पा
नुसत्या फॅटी लिव्हरला लागत नाही, सिरॉसिसपर्यंत गेलं असेल तर लागते. ग्रेडवरून ते कळत नाही, फिब-४ (लिव्हर कडक झालंय का त्याचा अंदाज देणारा आकडा) काढा, मोबाइलवरच होतं. वय गुणिले एसजीओटी, भागिले प्लेटलेट (हजारात) गुणिले एसजीपीटीचं वर्गमूळ. ५८ × ६२ = ३५९६. एसजीपीटी ४९ चं वर्गमूळ ७, × १४० = ९८०. भागाकार ३.६७. १.३ च्या खाली असतं तर निवांत राहा म्हटलं असतं, २.६७ च्या वर गेलं की लिव्हर कडक झालं असण्याची शक्यता बरीच. फायब्रोस्कॅन ह्याच महिन्यात करून घ्या आणि जाताना मागच्या तीन-चार वर्षांचे सीबीसी घेऊन जा, प्लेटलेट आधीपासून एवढ्याच आहेत की हळूहळू उतरत आल्यात ते बघायला लागेल, लिव्हर कडक होत गेलं की त्या उतरतात.

नाशिकची_द्राक्षे
जुने रिपोर्ट काढले. २०२१ ला २ लाख १० होत्या. सोमवारची अपॉइंटमेंट घेतलीये.